घरचं नको, शिक्क्याचं हवं

बडोद्यात दिवाळीची भेट निवडायला फारसं डोकं लागत नाही. बँकेतले साहेब असोत, गिऱ्हाईक असो की मुलीच्या शाळेतल्या बाई असोत, काजूकतलीचा अर्ध्या किलोचा डबा किंवा मांडवीकडच्या जुन्या दुकानातला लीलो चिवडा आणि भाकरवडी दिली की काम झालं. डब्यावर हिरवा ठिपका आहे ना, एवढंच बघायचं. पण माझ्या कामात अशी काही माणसं आहेत, ज्यांच्यासाठी हा हिरवा ठिपका अर्ध्या वाटेवरच थांबतो. गेली सहा वर्षं दर भाद्रपदात मी त्यांच्यासाठी खाऊ शोधते आहे. आता मंडळातलेही कुणी ना कुणी फोन करून विचारतात, "अगं, आमच्या कंपनीत इस्रायलचे लोक येणार आहेत, त्यांना खायला काय द्यावं?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी माझ्या कामाबद्दल दोन शब्द. आमची कंपनी छोटी, चौदा माणसांची. हिरे व्यापाऱ्यांचा साठा, मोजमाप, कोणता खडा कुणाकडे पाहायला गेलाय आणि कधी परत यायचाय, याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते आपल्या शेजारच्या सुरतेत, पण व्यापाराची मोठी ठाणी आहेत तेल अवीवला लागून असलेलं रामत गान आणि बेल्जियममधलं अँटवर्प. या दोन्ही ठिकाणी ज्यू आणि पालनपुरी जैन पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी व्यवहार करत आलेत. सौदा ठरला की हातात हात देऊन 'मझल उब्राखा' म्हणायचं, म्हणजे नशीब आणि आशीर्वाद. मग सौदा करणारे दोघंही जैन असले तरी शब्द हेच. एकदा हे म्हटलं की कागद नसला तरी सौदा मोडत नाही. अशा धंद्यात खाऊचा डबाही नुसता खाऊचा डबा राहत नाही. तो न उघडता बाजूला सरकवला गेला, तर समोरचा तोंडावर काही बोलणार नाही, पण 'ह्यांना आपण नीट माहीत नाही' एवढं त्याच्या मनात नोंदवलं जातंच.

ज्यू धर्मशास्त्रानुसार जे खायला योग्य, ते कोशर. आपल्याला साधारण एवढंच ऐकून माहीत असतं, की त्यांना डुक्कर चालत नाही. ते खरंच आहे. खूर दुभंगलेले असावेत आणि रवंथ करणारा असावा, अशा दोन्ही अटी पुऱ्या करणारा प्राणीच चालतो. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत, म्हणून पापलेट चालेल पण कोळंबी नाही. पण आपण शाकाहारी खाऊ पाठवणार, मग हे आपल्याला कशाला हवं, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. खरी मेख पुढे आहे. करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवू नये, अशी आज्ञा तोरा या त्यांच्या धर्मग्रंथात तीन वेळा आली आहे. त्यावरून मांस आणि दूध यांची पुरती फारकत झाली. भांडी वेगळी, चमचे वेगळे, पुष्कळ घरांत ओटेही वेगळे. मटण जेवल्यावर कित्येक जण सहा तास दुधाचं काही खात नाहीत. आता विचार करा, दुपारी ऑफिसात मांसाहारी जेवण झालं आणि चार वाजता आपला मलई पेढ्यांचा डबा उघडला. पेढा शुद्ध शाकाहारी आहे, साजूक तुपातला आहे, आणि नेमका म्हणूनच कुणाला खाता येत नाही.

म्हणून भेटीचा खाऊ असा हवा, की जो मांसातही मोडत नाही आणि दुधातही नाही. त्याला त्यांच्यात 'पारवे' म्हणतात. धान्य, फळं, भाज्या, सुका मेवा हे सगळं पारवे. गंमत म्हणजे अंडंही पारवे आणि मासाही पारवे. आपल्याकडे अंड्याचा केक तपकिरी खुणेचा, आणि तूप-खवा हिरव्या ठिपक्याखाली निर्धास्त. त्यांच्याकडे अंड्याचा बिनदुधाचा केक कुठल्याही जेवणानंतर चालतो, आणि बर्फीला घड्याळ बघावं लागतं. दोन्ही पद्धतींत शिस्त आहेच, पण रेघ वेगळ्या जागी मारलेली आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

हिरव्या ठिपक्याचा उपयोग होतो तो इतकाच, की जिलेटीन, किड्यांपासून काढलेला लाल रंग असल्या गोष्टी बाहेर राहतात. पण चीज शाकाहारी असलं तरी ते बनताना धार्मिक देखरेख लागते. द्राक्षाच्या रसाचे आणि वाइनचे नियम तर फार कडक. (गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे निदान वाइनच्या बाटलीचा मोह आम्हाला होत नाही.) शिवाय पदार्थात काय आहे याच्याइतकंच, तो कुठल्या कढईत तळला, त्या कढईत आधी काय तळलं होतं, हेही बघितलं जातं. हे पाकिटावर छापलेल्या घटकांच्या यादीवरून कळणार कसं? त्यासाठी शिक्का असतो. एखादी मान्यताप्राप्त संस्था कारखान्यात माणूस पाठवते, कच्चा माल, यंत्रं, भांडी तपासते आणि मग आपली खूण छापायला परवानगी देते. सगळ्यांत जास्त दिसणारी खूण म्हणजे वर्तुळातलं 'यू' हे अक्षर, अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स युनियनचं. त्याच्या शेजारी 'डी' असेल तर समजायचं की दूध आहे. मी सुपरमार्केटमध्ये पाकिटं उलटी करून भिंग लावल्यासारखी बघत उभी असते, तेव्हा माझी मुलगी चार पावलं लांब जाऊन थांबते.

आपल्याकडे असा शिक्का मिळणार कुठे, असं वाटेल. पण भारतातून परदेशी जाणारा मसाला, चहा, काजू, डाळी यांच्या कितीतरी कारखान्यांकडे कोशर प्रमाणपत्र असतं, कारण माल घेणारा ते मागतो. आमच्या गुजरातेत तर उंझ्याच्या इसबगोलावरही कोशरचा शिक्का सापडतो. पहिल्या वर्षी मला अस्सल गुजराती, पारवे, शिक्का असलेली अशी पहिली वस्तू सापडली ती हीच. पण नव्या वर्षाच्या शुभेच्छांबरोबर गिऱ्हाइकाला इसबगोल कसा पाठवणार!

नवं वर्ष म्हणजे त्यांचं रोश हशाना. इस्रायलमध्ये कंपन्या भेटी देतात त्या मुख्यतः दोनदा, एक या वेळी आणि दुसऱ्यांदा वसंतातल्या पेसाहला. त्यांची पंचांगपद्धत आपल्यासारखीच चांद्र महिन्यांची, त्यांनाही अधिक महिना लागतो, त्यामुळे रोश हशाना बहुतेक वर्षी घटस्थापनेच्या आगेमागे येतो. (पेसाहच्या भेटीच्या वाटेला मी जात नाही. त्या दिवसांत गहू, जव वगैरे पाच धान्यांचं फुगलेलं, आंबलेलं काही घरातही ठेवायचं नसतं आणि आपल्या बांधानी हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं. ज्यांना तेवढा अभ्यास करायचाय त्यांनी करावा.)

रोश हशानाला सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात, वर्ष गोड जावं म्हणून. मधमाशी कोशर नाही, पण तिचा मध मात्र कोशर. तेव्हा मधाची सुंदर बरणी, शिक्का असलेली, हा अगदी सरळ उपाय. पहिल्या वर्षी मी आमच्या शेठांकडे हाच प्रस्ताव घेऊन गेले. शेठ जैन. त्यांनी चष्मा काढला, बरणीचं चित्र बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बेन, मध नहीं चाले." मध खायला नाही, विकायला नाही आणि स्वतःच्या नावाने कुणाला द्यायलाही नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं. स्वतःचा नियम मोडून दुसऱ्याच्या नियमाचा मान राखायचा, तर ती भेट कसली! मग जैनांना चालेल आणि कोशरही असेल, अशा खाऊचा शोध सुरू झाला. बटाटा-कांदा-लसूण नाही, मध नाही, दूध-तूप नाही, अंडं नाही. एवढ्या चाळण्यांतून काही खाली पडेल असं वाटलं नव्हतं, पण उरलं ते फार चांगलं उरलं. साधे, न खारवलेले काजू. अख्खी वेलची. केशर. आसामचा आणि दार्जिलिंगचा कोरा चहा, कुठलाही वास न घातलेला. खजूरही चालला असता, शिवाय बायबलमधल्या 'दूधमधाच्या देशा'तला मध म्हणजे खजुराचा पाक असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. पण इस्रायल स्वतःच जगाला मेदजूल खजूर विकतो. कोकणात नारळ पाठवण्यासारखंच ते.

कोरा चहा, कच्चे काजू, अख्खे मसाले अशा गोष्टी बहुतेक जण शिक्का नसतानाही घेतात. तरी मी शिक्क्याचंच पाकीट शोधते. माणूस धार्मिक आहे की नाही हे आपण कोण ठरवणार? इस्रायलमधले पुष्कळ लोक काहीही खातात, हे मी जाणून आहे. आमच्या टीममधल्या दोघांना गोव्याच्या कोळंबीची आठवण अजून येते. पण डबा ऑफिसात उघडतो, आणि तिथे ज्याला चालत नाही अशा एकालाही हात मागे घ्यावा लागू नये.

हे सगळं जमलं, आणि घरात मात्र पेच पडला. माझ्या आईचे बेसनाचे लाडू आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहेत. बेसन मंद आचेवर तासभर भाजायचं, तूप सुटलं की दुधाचा हबका मारायचा, मग दाणेदार होतं. मी सहा वर्षं ज्या लोकांशी दर आठवड्याला बोलते, ज्यांच्यामुळे आमच्या घराचे हप्ते फिटले, त्यांना तिचे लाडू पाठवायचे असं तिने मनात धरलेलं. मी काजू आणि चहाची पाकिटं टेबलावर ठेवली, तेव्हा ती म्हणाली, "हे काय, दुकानातलं? घरचं काहीच नाही?"

मी सांगून टाकलं, की घरचंच त्यांना चालत नाही. तूप आहे, दूध आहे, आणि मुख्य म्हणजे आपलं स्वयंपाकघर.

"माझ्या स्वयंपाकघराला काय झालंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे बरं उत्तर नव्हतं. आपल्याकडे 'घरचं' हाच सगळ्यांत मोठा शिक्का. 'घरी केलंय' म्हटलं की शंका संपतात. तिथे हाताने केलेला, बिनलेबलचा लाडू सगळ्यांत संशयाचा, आणि यंत्रातून बाहेर पडलेलं, नंबर छापलेलं पाकीट सगळ्यांत विश्वासाचं. आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिला राग इस्रायलवाल्यांचा नव्हता आला. आपला हात कुणीतरी न पाहताच नाकारला, हे तिला लागलं होतं.

दिवस पितृपक्षाचे होते. तिसऱ्या दिवशी ती आजोबांच्या तिथीसाठी सूप घेऊन बसली होती. तांदूळ, डाळ, गूळ, एक नारळ, वाटीभर तूप, सगळं एका ताटात मांडत होती, आणि मांडता मांडता माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या लोकांना शिधा द्यायचाय, असं सांगायचंस ना सरळ."

मी सहा महिने वाचून जे समजून घेतलं होतं, ते तिने एका शब्दात सांगितलं. जो आपल्या हातचं शिजवलेलं खात नाही, त्याला आपण उपाशी पाठवत नाही आणि आग्रह करून अडचणीतही आणत नाही. कोरडं, न शिजवलेलं देतो. तो त्याच्या चुलीवर, त्याच्या भांड्यात करून घेईल. माझी आजी सोलापूरहून बडोद्याला यायची ती पिशवीत स्वतःची फुलपात्री घेऊन, आणि प्रवासात फळांशिवाय काही खायची नाही. तिच्या मैत्रिणी तिच्यासाठी केळी आणि शेंगदाणे आणायच्या. त्यात कुणी अपमान मानल्याचं मला आठवत नाही.

पण आजीचं सोवळं आणि कोशर एकच आहे, असं मी म्हणणार नाही. आजीच्या सोवळ्यात कुणी शिवलं हा प्रश्न पहिला होता, आणि त्याने किती माणसांना दाराबाहेर उभं केलं, हे आपल्याला माहीत आहे. कोशरच्या कारखान्यात पाकीट भरणारा कामगार कोणत्याही धर्माचा असतो. प्रश्न असतो तो मुख्यतः पदार्थाचा आणि भांड्याचा. मुख्यतः म्हणते, कारण वाइन कुणाच्या हातची आणि काही शिजवलेल्या पदार्थांखालचा विस्तव कुणी पेटवला, हे तिथेही बघितलं जातं. आईला मी हेही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखेच. थोडं बरं, थोडं अवघड."

अँटवर्पच्या गिऱ्हाइकासाठी मात्र मी बडोद्याहून काहीच पाठवत नाही. ते गृहस्थ हसिदी पंथाचे, अतिशय काटेकोर. त्यांना कुठलाही शिक्का चालत नाही, ठरावीक रब्बींच्या देखरेखीचाच लागतो. मी त्यांच्या ऑफिसला सरळ विचारलं, की तुम्ही कुठून घेता? त्यांनी तिथल्याच एका कोशर दुकानाचं नाव दिलं. दरवर्षी त्या दुकानाला पैसे पाठवते, ते डबा पोचवतात, वर आमची चिठ्ठी असते. विचारण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. उलट, विचारल्यावर त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. आणखी एक गोष्ट, कुरिअर शुक्रवारी दुपारनंतर किंवा शनिवारी पोचेल असं कधी पाठवू नये. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो, आणि दारात उभ्या कुरिअरवाल्यापुढे त्यांना सहीसाठी पेन हातात धरता येत नाही.

रामत गानच्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या एक बाई आहेत. तिसऱ्या वर्षी आमच्या डब्यातली वेलची मिळाल्यावर त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला आणि इंग्रजीत आभार मानता मानता एकदम म्हणाल्या, "तुझी आई मराठी बोलते का गं?"

मी खुर्चीतच सरळ झाले. त्या बेने इस्रायल. आईवडील अलिबागकडचे, पन्नासच्या दशकात तिकडे गेलेले. ताईंचा जन्म लोदचा, पण घरात मराठी. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले आपले शनिवार तेली. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. आडनावं गावांवरून, पेणकर, दिवेकर, किहीमकर. शतकानुशतकं ना मोठा रब्बी जवळ, ना शिक्के मारणारी संस्था. तरी खवले नसलेला मासा खाल्ला नाही, शनिवार मोडला नाही. मटणाच्या रश्शात दूध-दही घालायचं नाही म्हणून नारळाचं दूध घातलं. नव्या वर्षाला त्यांच्याकडे चिकाचा हलवा होतो, गव्हाच्या चिकात नारळाचं दूध घालून. म्हणजे पारवे! कुठल्याही पुस्तकाशिवाय, कोकणातल्या माडांच्या भरवशावर त्यांनी हे सोडवून ठेवलं होतं. आणि याच लोकांना इस्रायलमध्ये गेल्यावर, तुमचे विवाह शास्त्रशुद्ध आहेत कशावरून, म्हणून विचारणा झाली. त्यांना आंदोलन करावं लागलं, तेव्हा 1964 साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य झालं. ताई हे सांगताना हसत होत्या, पण त्यांच्या आईने ते कधी हसण्यावारी नेलं नाही, असंही म्हणाल्या. तेव्हापासून पाकिटावरचा शिक्का शोधताना मला तो पूर्वीइतका सोपा वाटत नाही.

मी ताईंना विचारलं, तुम्हाला इकडचं काय हवंय? त्या म्हणाल्या, "पातळ पोहे. इथे मिळतात ते भिजवले की लगदा होतो." पोहे कशाला, तर मलिद्याला. घरात काही शुभ घडलं की एलियाहू हनावी या संदेष्ट्याच्या नावाने बेने इस्रायल मलिदा करतात, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, आणि सोबत फळं. ताईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "शिक्का?" मी विचारलं. "साध्या पोह्याला शिक्का कशाला? मी चाळून, निवडून घेते. किडा दिसला की संपलं, तेवढंच बघायचं."

आईने नवसारीचे पोहे मागवले. दोन दुकानांचे परत केले, तिसऱ्याचे ठेवले. मग उन्हात चादर पसरून, चष्मा लावून, तिने चार किलो पोहे एकेक मूठ करून निवडले. ताई तिकडे परत निवडणार हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, "दोनदा कशाला?" तर म्हणाली, "तिचं तिच्यापाशी. माझ्या घरून गेलेल्यात खडा निघता कामा नये."

आता दर भाद्रपदात शेठांच्या काजू-चहाच्या पेटीबरोबर एक वेगळी पिशवी जाते, तिचा खर्च आई स्वतः देते. गेल्या महिन्यात दोघींचा व्हिडिओ कॉल चालू होता आणि मी बाजूला बसून रिलीजच्या नोट्स लिहीत होते. आईने विचारलं, "मलिद्यात गूळ घालता की साखर?"

"साखर. गूळही चालतो, पण आमच्या आईचा साखरेचा."

"गूळ घालून बघा एकदा. कोल्हापूरचा पाठवू का?"

ताई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "पाठवा. पण पाकिटातला बरं का!"